देवळावरची सळई आणि घरावरची वीज
(कलशारोहण समारंभातील व्याख्यान)



लोकवर्गणीतून शिखर उभे राहिले, कळस चढला, की गावाची मान ताठ होते. गावातील सर्वांत उंच जागा बहुधा देवळाचीच असते, आणि आभाळातील वीजही प्रथम उंच जागाच गाठते. म्हणून जीर्णोद्धाराच्या खर्चात तडितरक्षकाची बाब धरावी लागते. पण तो बसला की लोक म्हणतात, "आता सारा गाव निर्धास्त झाला." ही समजूत घातक आहे. सळईचे टोक 40 फूट उंचीवर असेल, तर जमिनीवर साधारण 40 फुटांच्या घेराला तिचा आधार. पलीकडच्या आळीतील घराने आपली सोय आपणच केली पाहिजे.

इटलीतील व्हेनिस शहरात संत मार्क यांच्या चर्चचा उंच घंटामनोरा आहे. त्यावर शतकानुशतके विजा पडल्या. 1745 साली त्याची मोठी पडझड झाली. पुढे 1752 साली अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांचा पतंगाचा प्रयोग गाजला आणि 1776 मध्ये त्या मनोऱ्यावर तडितरक्षक बसला. तेथील भाविकांची भक्ती काही कमी झाली नव्हती. त्यांनी विजेला वाट करून दिली, एवढेच.

वाट करून देणे म्हणजे काय? घरातील साध्या प्लगची क्षमता 6 अँपियर. आकाशातील विजेचा प्रवाह सुमारे 30 हजार अँपियर असू शकतो. तो अडवता येत नाही, फक्त जमिनीत उतरवता येतो. त्यासाठी तीन गोष्टी लागतात : माथ्यावर धातूची सळई, तेथून सरळ खाली येणारी अखंड जाड पट्टी, आणि ओलसर जमिनीत पुरलेला अर्थिंगचा पत्रा. पट्टीला काटकोनी वळणे नसावीत. अर्थिंगचा रोध 10 ओहमच्या आत असावा. तो जाणकार तंत्रज्ञाकडून मोजून घ्यावा. यातली एक जरी कडी तुटली, तरी वरची सळई निरुपयोगीच नव्हे, तर धोक्याची ठरते. तांब्याची पट्टी चोरीला जाण्याची भीती असते. म्हणून दरवर्षी रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी ती डोळ्यांखालून घालावी. पट्टी ज्या भिंतीवरून उतरते, तेथे पावसात कोणी टेकून उभे राहू नये.

घरावर पत्रे आहेत म्हणून घर सुरक्षित, असेही नाही. पत्र्यालाही जमिनीपर्यंत वाट हवीच. शिवाय वीज घरावरच पडली पाहिजे असे नाही. दूरच्या खांबावर पडली तरी तारांमधून घरात शिरते आणि दूरदर्शन संच, पंप, शीतकपाट जाळून टाकते. मीटरच्या फळीवर सर्ज प्रोटेक्टर आणि घराला उत्तम अर्थिंग, हा त्यावरील उपाय. आभाळ भरून येताच प्लग काढून ठेवावेत आणि डिशची केबल सोडवावी. मात्र गडगडाट सुरू झाल्यावर यांपैकी कशालाही हात लावू नये. त्या वेळी नळाखाली स्नान, भांडी घासणे, खिडकीचे गज धरून पाऊस पाहणे, हे सारे टाळावे. घरापासून झाडापर्यंत कपड्यांसाठी तार बांधलेली असेल, तर तेथे दोरी बांधावी.

वळवाच्या आणि हस्ताच्या पावसात माणसे आणि जनावरे दगावतात, ती बहुधा शेतात किंवा झाडाखाली. बैल झाडाखाली बांधू नयेत. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत तीन सेकंद मोजले गेले, तर ती सुमारे एक किलोमीटरवर आहे असे समजावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे अॅप परिसरातील विजेची सूचना देते. ते प्रत्येक घरातील एका तरी मोबाइलवर असावे.

पायाळू माणसावर वीज पडते, असे अजूनही बोलले जाते. म्हणून पावसात पायाळू मुलाला घोळक्यातून दूर उभे करणे ही क्रूर चूक आहे. वीज जन्म पाहत नाही. ती उंची आणि वाट पाहते. माळावर एकटे उभे केलेले मूल मात्र तिला खरोखरच सापडते.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला शिवण्यास भिऊ नये. श्वास थांबला असेल तर छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन लगेच प्रयत्न सुरू करावेत, आणि 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पुष्कळदा अशा माणसाचे प्राण वाचतात.

ज्यांच्या देणगीतून कळस चढला, त्यांनी पुढची वर्गणी शाळेच्या इमारतीवरील तडितरक्षकासाठी द्यावी. आणि प्रत्येक घरधन्याने या पावसाळ्यापूर्वी आपल्या घराचे अर्थिंग तपासून घ्यावे. देवाच्या माथ्यावरील सळईइतकीच लेकरांच्या माथ्यावरील छपराची काळजी घेणे, हेही देवाचेच काम आहे.