गोष्ट पुन्हा सांगताना
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेले भाषण)



हीरक महोत्सव हा मागे वळून पाहण्याचा प्रसंग. जुनी छायाचित्रे निघतात, जुन्या नाटिका पुन्हा रंगमंचावर येतात. हे स्वाभाविकच आहे. परंतु साठ वर्षांच्या संस्थेने केवळ स्मरणात रमावे काय, हा प्रश्नही याच दिवशी विचारला पाहिजे. तोच प्रश्न आज घरातल्या सर्वांनी मिळून पाहायच्या चित्रपटांपुढेही उभा आहे.

डिस्नेचा ‘द लायन किंग’ १९९४ चा. २०१९ साली तीच कथा संगणकाच्या साहाय्याने पुन्हा साकारली गेली आणि तिने १६० कोटी डॉलरहून अधिक उत्पन्न मिळवले. ‘अलादीन’, ‘द लिटल मरमेड’, ‘स्नो व्हाइट’ यांचेही असेच पुनरावतार झाले. २०२५ च्या उन्हाळ्यात ‘लिलो अँड स्टिच’ या २००२ च्या चित्रपटाच्या नव्या आवृत्तीने १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला; त्याच उन्हाळ्यात नवी कथा घेऊन आलेल्या पिक्सारच्या ‘एलिओ’कडे प्रेक्षकांनी पाठ फिरवली. तेव्हा दोष एकट्या निर्मात्याचा नाही. ओळखीचे नाव म्हणजे अर्धी जाहिरात, हा त्याचा हिशेब. आईवडील स्वतःच्या बालपणाच्या ओढीने तिकीट काढतात, मूल सोबत जाते. मात्र या व्यवहारात मुलाच्या वाट्याला येते ते आईवडिलांचे बालपण. त्याच्या स्वतःच्या काळाची गोष्ट कोणी सांगितलेलीच नसते.

मग पुनर्कथन मुळातच त्याज्य आहे काय? तसे म्हणता येणार नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ काढला आणि १९१७ साली तीच कथा पुन्हा चित्रित केली. १९३२ साली प्रभातने ‘अयोध्येचा राजा’मधून त्याच हरिश्चंद्राला वाणी दिली. कीर्तनाच्या उत्तररंगातले आख्यान जुनेच असते; परंतु पूर्वरंगातले निरूपण बुवांना स्वतःच्या बुद्धीने मांडावे लागते. ज्या पुनर्कथनात हा पूर्वरंगच नाही, ते केवळ पाठांतर होय.

‘श्यामची आई’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिले. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक त्याला लाभले. सत्तर वर्षांनी, २०२३ मध्ये, सुजय डहाके यांनी तीच कथा पुन्हा कृष्णधवल रंगांत मांडली, श्यामबरोबर प्रौढ गुरुजींनाही पडद्यावर आणले आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळवला. या प्रयत्नाचा आदरच केला पाहिजे. तरीही एक प्रश्न उरतो. आजच्या श्यामची आई कोठे आहे? घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी बोलणारी, मुलाने मराठी वाचावे म्हणून रात्री त्याच्याजवळ बसणारी रायपूरची आई कोणत्या पडद्यावर आहे?

नव्या गोष्टी सांगता येत नाहीत, असे मात्र नाही. नातवाची दृष्टी जाण्यापूर्वी त्याला जग दाखवू पाहणारा ‘श्वास’मधला आजोबा, आपल्या बैलासाठी झुरणारा ‘टिंग्या’, सायकल विकली जाऊ नये म्हणून पंढरपूरच्या वारीत दुकान मांडणारी ‘एलिझाबेथ एकादशी’मधली मुले, ही सारी याच शतकातली आहेत. भांडवल थोडे होते, परंतु पाहणारी नजर स्वतःची होती.

याच भूमीचा दाखला घ्यावा. मनु नायक यांनी १९६५ साली ‘कहि देबे संदेस’ हा पहिला छत्तीसगढी चित्रपट काढला. त्यांच्यापुढे त्या भाषेतला एकही जुना चित्रपट नव्हता. त्यांनी अस्पृश्यतेचा प्रश्न निवडला, विरोध सोसला. पण गोष्ट आपल्या मातीची सांगितली. त्या चित्रपटालाही २०२५ साली साठ वर्षे झाली.

विद्यार्थिमित्रहो, आजीची गोष्ट अवश्य ऐका. ती ऐकल्यावाचून नवी सुचत नाही. मात्र ती संपली की आजीलाही तुमची एक गोष्ट ऐकवा. पुढच्या स्नेहसंमेलनात एक तरी नाटिका तुमच्या लेखणीतून उतरलेली असावी. ती कच्ची असेल, संवाद अडखळतील, मराठीत दोन शब्द हिंदीचे येतील, तरी चालेल. पालकांनी तिला तेवढ्याच टाळ्या द्याव्यात, जेवढ्या ते ओळखीच्या गाण्याला देतात. नव्या गोष्टीला श्रोता मिळाला नाही, तर ती सांगणारा उद्या गप्प बसेल. महाराष्ट्राबाहेर मराठी जिवंत राहायची तर तिच्यात केवळ आठवणी असून भागणार नाही. आज घडणारे काही तिच्यातून सांगितले गेले पाहिजे. शाळेच्या शताब्दीला आठवाव्यात अशा गोष्टी आजच लिहायला हव्यात.