पातूरच्या बाजारातला बोंबील



समुद्र रस्त्याने पाचशे किलोमीटरवर, मग सागरी संपत्तीवरची ही परिषद पातुरात कशाला, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर आपल्या वऱ्हाडी बाजारात पोत्यावर मांडलेले असते: सुकट आणि वाळून काडी झालेले बोंबील. पालघर-वसईकडे दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी बांबूच्या वलांडीवर टाकतात. हे काम बहुतकरून बायकांचे. ते बोंबील खाणाऱ्यांच्या गावात आपले मनःपूर्वक स्वागत.

समुद्र राखायचा तर माशांइतकाच माणसांचाही हिशोब मांडावा लागतो, असे माझे मत आहे. राज्याने 2023मध्ये माशांच्या 54 जातींची पकडण्याजोगी किमान लांबी ठरवली. पापलेट 135 मिलिमीटरहून लहान नको. माशाला एकदा तरी अंडी घालू द्यावीत, हे शास्त्र चोखच. पण डोलजाळे म्हणजे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेली भलीमोठी पिशवी. भरती-ओहोटी आणेल ते आत. जाळ्याला मोजपट्टी कळत नाही. जाळ्याचा आस, म्हणजे भोक, मोठा करायचा तर नव्या जाळ्याचा खर्च कोणी सोसायचा? खुंट रोवायची जागा म्हणजे कव. (अनेकवचन ‘कवी’, साहित्यिकांनी दचकू नये.) या कवींवरून पालघर-डहाणू आणि वसई-उत्तनच्या मच्छीमारांत वर्षानुवर्षे वाद आहे. मासळी किती आली ते केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्था सांगेल. कव कोणाची, हे मात्र वहिवाट आणि गावोगावच्या आठवणी तपासल्याशिवाय कळणार नाही.

कोणी म्हणेल, वहिवाट शिडाच्या होड्यांच्या काळातली, तिच्या भरवशावर आजचा समुद्र कसा सोडायचा? आक्षेपात तथ्य आहे. ट्रॉलर आणि पर्ससीन जाळ्यांपुढे जुनी रीत टिकली नाही, म्हणूनच 5 फेब्रुवारी 2016 रोजी सरकारला पर्ससीनवर निर्बंध घालावे लागले. पण आदेश निघाला तरी नौकेत पैसा कोणाचा, कर्ज कोणाचे, हे ठाऊक नसेल तर तो बंदरावरच अडतो. शिवाय वहिवाटीचे गोडवे मीही गाणार नाही. तिच्यात नौकामालकाचा वाटा ठरलेला. वलांडीवरच्या बाईचे काय? रत्नागिरीच्या नौकांवर नेपाळहून आलेले खलाशी राबतात, त्यांची तर कव नाही नि गावही नाही. 1 जून ते 31 जुलै, पावसाळी मासेमारीबंदीच्या 61 दिवसांत त्यांची चूल कशावर पेटते, हे विचारायला जीवशास्त्रज्ञ जाणार नाही. ते काम इथे जमलेल्या समाजाच्या अभ्यासकांचे आहे.