आधी विचारा, मग बांधा

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

तुमचं मनापासून अभिनंदन, आणि तुमच्या आईवडिलांचंही. मीरारोडच्या बेव्हर्ली पार्कातल्या घराचा हप्ता, कॉलेजची फी आणि रोजची लोकल यांचा मेळ घालत ही पदवी घरात आली आहे, याची मला जाणीव आहे.

तुमच्यातले काहीजण आता जागतिक आरोग्य आणि वैद्यकीय मानवशास्त्र शिकायला परदेशी निघाले आहेत. ‘डॉक्टर नाही, इंजिनिअर नाही, मग हे नक्की काय?’ असं नातेवाइकांनी विचारलंच असेल. त्यांना एक साधं उदाहरण द्या. सकाळी मीरारोडहून चर्चगेट लोकल पकडणाऱ्या बाईला डॉक्टर सांगतात, ‘ही साखरेची गोळी नाश्त्याआधी घ्या.’ तिचा नाश्ता म्हणजे उभ्याउभ्या घेतलेला चहा, आणि डबा उघडतो दुपारी दीडला. गोळी चुकते, साखर वाढते आणि केसपेपरवर शेरा पडतो, ‘रुग्ण ऐकत नाही.’ खरं ऐकायचं कुणाचं राहिलं, हे शोधणारा अभ्यास म्हणजे वैद्यकीय मानवशास्त्र.

या वाटेवर तुमच्या आधी आपली माणसं चालून गेली आहेत. आपल्याच ठाणे जिल्ह्यातलं कल्याण हे आनंदीबाई जोशींचं माहेर. चौदाव्या वर्षी झालेलं मूल दहा दिवसांत गेलं आणि तिथून त्यांच्या मनात डॉक्टर होण्याचा निश्चय रुजला. १८८३ मध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत चढल्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून ११ मार्च १८८६ रोजी त्यांना पदवी मिळाली, तेव्हा पंडिता रमाबाई समारंभाला हजर होत्या. आनंदीबाईंच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. अमेरिकेत राहून, तिथलं शास्त्र शिकत असताना त्यांनी आपल्या बायकांची बाळंतपणं अभ्यासाला घेतली. पुढच्याच वर्षी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, क्षयानं त्या गेल्या. प्रश्न मात्र त्यांनी नेमका निवडला होता.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर वंशश्रेष्ठत्व मानणारे. युरोपीय माणसाची कवटी इतरांपेक्षा वेगळी असते, हे मोजमापांतून सिद्ध व्हावं अशी त्यांची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या, वंशाशी संबंध दिसला नाही, आणि तसंच लिहून दिलं. परक्या देशात, डॉक्टरेट ज्यांच्या हातात त्याच प्राध्यापकांच्या मताविरुद्ध. तुमच्याही पुढ्यात नामवंत प्राध्यापक बसतील. त्यांच्याकडून मोजायचं कसं ते शिका. मोजून काय निघालं ते तुमचं तुम्ही सांगा.

पण मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते गडचिरोलीबद्दल. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग जॉन्स हॉपकिन्समधून सार्वजनिक आरोग्याची पदवी घेऊन परतले आणि १९८० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी तिथे ‘सर्च’ ही संस्था काढली. गरीब देशांतल्या बायकांचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, अशी तेव्हा जगाची समजूत होती. त्यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला. त्यापूर्वी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि जगाला आपली समजूत तपासावी लागली.

आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत, असंही त्यांनी विचारलं. उत्तरं सरळ होती. इमारत एवढी मोठी की माणूस हरवून जातो. डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यांत, आणि पांढरं कापड आम्ही मढ्यावर घालतो. शिवाय नातेवाइकांना बाहेर काढतात. हे ऐकून ‘अंधश्रद्धा’ म्हणत वही मिटता आली असती. बंगांनी दवाखान्याचा आराखडाच बदलला. शोधग्राम या ‘सर्च’च्या परिसरात गोंड गावासारख्या झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला, त्याला दंतेश्वरी देवीचं नाव दिलं आणि नातेवाइकांना रुग्णाजवळ राहता आलं.

दहा-बारापलीकडे मोजता न येणाऱ्या दायांना बाळाचा न्यूमोनिया ओळखता यावा, म्हणून त्यांनी एक साधन बनवलं: मणी आणि मिनिटभराचं वाळूचं घड्याळ. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर श्वास धोक्याचा. पुढे ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घरी घ्यायला शिकवलं आणि नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. ते संशोधन १९९९ मध्ये छापून आलं. २०११ पासून देशभरातल्या आशाताई तेच काम करत आहेत.

जामखेडचे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हेही हॉपकिन्सला शिकलेले. त्यांनी १९७० पासून खेड्यातल्या निरक्षर बायकांना आरोग्यसेविका केलं. आज परदेशी विद्यार्थी जामखेडला येऊन त्या बायकांसमोर वही उघडून बसतात.

या सगळ्यांनी बाहेरून पद्धत आणली; उत्तर मात्र इथल्या माणसांकडून घेतलं, आणि त्या उत्तरापुढे स्वतःची योजना बदलली. प्रश्न विचारणं सोपं आहे, प्रश्नावली कुणालाही छापता येते. आलेल्या उत्तरासाठी आपला आराखडा मोडायची तयारी असणं, हीच या विद्येची खरी परीक्षा.

म्हणून दोन-तीन गोष्टी सांगते. निघण्यापूर्वी उत्तनच्या कोळीवाड्यात, काशीमीऱ्याच्या पाड्यांवर थोडे दिवस एखाद्या आशाताईमागे फिरा. ज्याला घराजवळचा पाडा दिसला नाही, त्याला हैती किंवा केनिया काय दिसणार? संख्याशास्त्र टाळू नका. नुसत्या कळवळ्यावर धोरण बदलत नाही. तिकडे गेल्यावर तिथल्या माणसांकडेही अभ्यासकाच्या नजरेनं पाहा. बोस्टनच्या किंवा लंडनच्या रुग्णालाही समजुती असतात, भीती असते, डॉक्टरपासून लपवलेल्या गोष्टी असतात. सहा आठवड्यांसाठी एखाद्या खेड्यात गेलात तर तिथल्या मुलांबरोबर फोटो काढून परतू नका. जे कळलं ते त्या लोकांना त्यांच्या भाषेत सांगून मगच निघा. माहिती त्यांची आहे.

परतायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. कर्ज आहे, नोकरी आहे, संसार आहे; त्यावरून मी कुणाला बोल लावणार नाही. पण जिथे राहाल तिथे दवाखान्याच्या दारातून आल्या पावली परत गेलेल्या माणसाला गाठा, का परतला ते विचारा, आणि त्याचं उत्तर पटलं तर दार बदलायला भाग पाडा. त्यासाठी लागणारं शिक्षण आणि धीटपणा तुम्हाला लाभो.