भटारखान्याचा दाखला दारावर



उपाहारगृहातील गल्ला आणि भटारखाना यांच्यामध्ये एक भिंत असते. तिच्यापलीकडे भांडी कोणत्या पाण्यात विसळली जातात, हे मालकास ठाऊक असते. पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकास नसते. अर्थशास्त्रात हिला माहितीची विषमता म्हणतात. अशा बाजारात निकृष्ट माल उत्तम मालाला हुसकावून लावतो, असे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले. त्यांचे उदाहरण जुन्या मोटारींचे होते. मिसळीला ते अधिकच लागू पडते. मोटार निदान पुन्हा विकता तरी येते!

१९९७ च्या अखेरीस एका दूरचित्रवाणी केंद्राने लॉस एंजेलिसमधील भटारखाने छुप्या कॅमेऱ्याने टिपले आणि लोक संतापले. जानेवारी १९९८ पासून तेथील परगण्याने तपासणीच्या गुणांनुसार 'ए', 'बी', 'सी' अशा श्रेणींचे फलक दर्शनी लावण्यास सुरुवात केली. तपासणी पूर्वीही होत असे. आता तिचा निष्कर्ष फायलीतून दारावर आला. जिन आणि लेस्ली या अर्थशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये असा निष्कर्ष काढला की, त्यामुळे अन्नबाधेने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी घटले. बाजारवादी मंडळींना हर्ष झाला. सरकारने केवळ माहिती द्यावी, शिक्षा गिऱ्हाईक करील! परंतु २०१९ मध्ये डॅनियल हो व त्यांच्या सहकाऱ्यांनी अधिक व्यापक आकडेवारी तपासली, तेव्हा ती घट फलकांमुळे नव्हे, तर त्या भागातील सॅल्मोनेलाची साथ ओसरल्यामुळे दिसत होती, असे आढळले.

म्हणून फलक काढून टाकावेत काय? मुळीच नाही. जनतेच्या पैशाने झालेल्या तपासणीचा अहवाल जनतेचाच आहे. त्याने रोग हटतो की नाही, हा निराळा प्रश्न. मात्र फलक हा तपासनिसाला पर्याय नव्हे, हे आपण विसरता कामा नये.

आपल्याकडे १९५४ च्या भेसळ प्रतिबंधक कायद्याची जागा २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घेतली. तो ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. परवाना दर्शनी लावणे बंधनकारक आहे आणि जानेवारी २०२२ पासून त्याचा क्रमांक बिलावरही छापावा लागतो. पण परवाना म्हणजे धंद्याची अनुज्ञा. अधिकाऱ्याने आत काय पाहिले, ते त्यावर नसते. हसऱ्या चेहऱ्यांची स्वच्छता-श्रेणी आहे खरी, परंतु ती ऐच्छिक; मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासणी करवून घ्यायची आणि मोबदला मालकानेच द्यायचा. परीक्षार्थीच परीक्षकाची फी भरतो, आणि नापास होणारा परीक्षेलाच बसत नाही. वेल्समध्ये नोव्हेंबर २०१३ पासून श्रेणी लावणे सक्तीचे आहे. शेजारच्या इंग्लंडमध्ये मात्र ती लावणे मालकाच्या मर्जीवर सोडलेले आहे.

आणखी एक गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. अन्न हाताळणाऱ्यांची वार्षिक वैद्यकीय तपासणी व्हावी, संसर्ग झालेल्याने अन्नास हात लावू नये, असे आपले नियम सांगतात. नियम रास्तच आहे. पण ताप आलेल्या दिवशी ज्याची मजुरी कापली जाते, तो भांडी विसळणारा पोरगा आजार लपवणार नाही तर काय करील? गिऱ्हाइकाच्या पोटाची चिंता करणाऱ्या कोणत्याही श्रेणीत त्याच्या भरपगारी रजेला गुण नाहीत.

तूर्त आपल्या हाती २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील उपाहारगृहांचे तपासणी अहवाल अन्न व औषध प्रशासनाकडे मागावेत. अर्ज लिहिण्यापूर्वी तेथील कामगारांशीही बोलावे.