निजलेल्या आईचे गाऱ्हाणे

बोला, आई राजा उदो उदो!

मायबापहो, कुणी म्हणतात, उग्र देवी घरात पुजू नये. अहो, मग आपल्या देव्हाऱ्यातला तो टाक कुणाचा? तुळजापूरची मूर्ती आठवा. आठ हात, त्रिशूळ महिषासुरात रुतलेला, एका हातात दैत्याची शेंडी. आणि ही आली कुणासाठी? कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती, पदरी लहान लेकरू. तपाला बसली असता कुकुर दैत्याने छळले, तिने हाक मारली. हाकेसरशी त्वरेने धावली म्हणून त्वरिता. त्वरितेची तुरजा, तुरजेची तुळजा. उग्रपण दैत्यापुरते, बरं का.

आता गंमत बघा. एवढी रणरागिणी, तिला आपण पलंगावर निजवतो! मूर्ती चल आहे, सिंहासनावरून उचलून शेजघरात नेतात. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत घोरनिद्रा, दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर श्रमनिद्रा, शाकंभरी नवरात्राआधी मोहनिद्रा. लढून दमलेल्या आईला अंथरूण घालायचे, ही सुद्धा पूजाच.

एकदा भाद्रपदात मी तिथे गेलो होतो. अभिषेक बंद. पायरीवर एक म्हातारी डोळे पुसत बसलेली. लेकीला सासरी मारहाण होते, ती पोर घेऊन माहेरी आली होती. म्हणाली, "महाराज, येष्टीचं भाडं उसनं घेऊन आले, अन् आई निजली! आता सांगू कुणाला?"

मी आपला पोथीतला माणूस. योगनिद्रा, महामाया, सप्तशतीचा पहिला अध्याय, सगळे सांगितले. तिच्या डोळ्यांचे पाणी काही खळेना. शेजारी एक आराधीण होती, गळ्यात कवड्यांची माळ, मांडीवर परडी. तिला माझे पुराण सोसवेना. म्हणाली, "अगं माय, निजलीय ती, बहिरी न्हाई झाली. तुझं लेकरू रातचं रडलं तर तू उठत नव्हतीस व्हय?"

मी गप्प झालो. तीस वर्षे कीर्तन करतोय, हे मला सुचले नव्हते.

म्हातारी उठली, पदर सारखा केला, रांगेत शिरली. मी तिच्या मागेच होतो. पलंगासमोर आली, हात जोडले आणि लेकीचे नाव घेऊन सगळे गाऱ्हाणे सांगितले. पण अगदी हळू, पुटपुटत. आईने ऐकावे असेही वाटत होते, आणि तिची झोपही मोडायची नव्हती.