पाहुण्यांना काय सांगायचं, काय विचारायचं
(पाहुणे येण्याआधीच्या गावबैठकीत संघटनेच्या वतीने केलेले भाषण)



पुढच्या आठवड्यात परदेशातले आठ पाहुणे तीन दिवस आपल्या पाड्यात राहायला येणार. कुणी वकील, कुणी डॉक्टर, कुणी जंगलखात्यात नोकरी केलेला. त्यांनी आपलं काम बघायचं, त्यांचं आपल्याला सांगायचं, असं ठरलंय. जेवणाचं बायांनी कालच मिटवलं. घरात शिजेल तेच वाढायचं, मक्याची भाकर आन् उडदाची डाळ. उधारी करून कोंबडं कापायचं नाही. आम्हाला बोलायचंय ते वेगळंच.

मागे असेच पाहुणे आले होते. आपण ढोल वाजवला, नाचलो. त्यांनी फोटो काढले, घरं मोजली. कुणाच्या नेवाडावर किती वर्षं नांगर चालतो, किती दंड भरला, सगळं वहीत लिहून नेलं. गेले ते गेले. त्यातला एक कागद गावात परत आला नाही. चूक त्यांची आहेच. पण आपणही मागितला नाही.

आता नर्मदाकाठची गोष्ट आठवा. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेनं १९८५ साली ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. लोक लढले, मोर्चे निघाले, उपोषणं झाली. तेव्हा कुठं १९९१ मध्ये बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली. ब्रॅडफर्ड मोर्स तिचे प्रमुख. त्यांच्या जोडीला कॅनडाचे थॉमस बर्जर. हे बर्जर आधी न्यायाधीश होते. त्यांच्या देशात मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यात गॅसची पाइपलाइन टाकायची होती, तेव्हा ते गावोगाव जाऊन तिथल्या आदिवासींचं ऐकत बसले. १९७७ साली त्यांनी लिहून दिलं की दहा वर्षं पाइपलाइन थांबवा, आधी या लोकांच्या जमिनीच्या हक्काचा निकाल लावा.

हीच माणसं नर्मदेच्या खोऱ्यात फिरली, लोकांचं ऐकलं. जून १९९२ मध्ये अहवाल आला की अशा रीतीनं पुनर्वसन होऊच शकत नाही, बँकेनं मागं सरावं. मार्च १९९३ मध्ये सरकारनं उरलेलं कर्ज सोडून दिलं.

पण धरण थांबलं का? नाही. त्याच पावसाळ्यात मणिबेलीत पाणी शिरलं.

यातून दोन गोष्टी घ्यायच्या. लोक लढत होते आणि खरं बोलले, म्हणून पाहुण्यांचा कागद वजनदार झाला. आणि कागद कितीही वजनदार असो, पाहुणा जमीन देत नाही. ती आपल्यालाच मिळवायची आहे.

म्हणून गावानं हे ठरवावं, असं आम्हाला वाटतं:

१. बोलणं सगळ्यांसमोर, बैठकीत. पाहुण्यांना एकेकट्याच्या घरात नेऊन कागद दाखवायचे नाहीत.

२. आपण आपल्या बोलीत बोलायचं. मराठीत सांगणारा आपलाच पोरगा असेल. बायांचं बायाच सांगतील.

३. दंडाच्या पावत्या दाखवायच्या, हातातून सोडायच्या नाहीत. ३१ मार्च १९७८ आधीचं नेवाड कायम करायचं, असं पूर्वी सरकारच्याच ठरावात होतं. जुनी पावती म्हणजे तुमचा पुरावा. ती गेली तर काय दाखवणार?

४. जे लिहून नेतील त्याची मराठी नक्कल गावाला पाठवायची. हे पहिल्याच दिवशी कबूल करून घ्यायचं.

५. पोलीस पाटलाला आधीच कळवायचं. चोरून काही करायचं नाही, म्हणजे उद्या कुणाला बोट दाखवता येणार नाही.

आणि विचारायचं ते आपणही विचारायचं. तुमच्याकडे जंगल कुणाच्या नावावर? तिथल्या मूळच्या माणसांना जमीन परत मिळाली का, कशी मिळाली? वकिलाला विचारा, सरकारनं पुरावा नाकारला तर तिकडचे लोक काय करतात? डॉक्टरला विचारा, दवाखाना लांब असेल तर बाळंतीण कशी जाते? ते शिकलेले आहेत, त्याचा उपयोग आपल्याला झाला पाहिजे. नाहीतर हे बघायला आले आणि आपण बघण्याची वस्तू झालो, एवढंच होईल.

येत्या रविवारी दुपारी सगळ्यांनी पावत्या घेऊन या. साल लावून यादी करू. पाहुणे आले नाहीत तरी ती यादी आपल्याला लागणारच आहे.

जिंदाबाद!