तमिळ आजोबांच्या मुलखात



 आमची तंजावरची मराठी कानाला जरा वेगळी लागेल. साडेतीनशे वर्षं ती कावेरीचं पाणी पीत आली आहे. सांभाळून घ्या.

हस्तलिखितांची परिषद आणि तीही तंजावरात, म्हणजे स्वागताध्यक्षाने सरस्वती महाल ग्रंथालयाची थोरवी गायची, अशी अपेक्षा असणार. ते काम ग्रंथालयातली माणसं माझ्याहून चांगलं करतील. मला बोलायचंय ते जुन्या तमिळ पोथ्या शोधून छापणारे 'तमिळ आजोबा', उ. वे. स्वामीनाथ अय्यर यांच्याबद्दल. इथून कुंभकोणमच्या वाटेवर, पापनाशमजवळ त्यांचं उत्तमदानपुरम गाव आहे. तंजावरच्या एका राजाने चुकून एकादशीला विडा खाल्ला आणि प्रायश्चित्त म्हणून हे गाव वसवून दान दिलं, ही कथा त्यांनी आत्मचरित्राच्या सुरुवातीलाच सांगितली आहे. राजाचं नाव दिलेलं नाही, पण काळाचा हिशेब धरला तर तो भोसलेच असावा. एकादशी मोडल्याची एवढी धास्ती दुसऱ्या कोणाला! अय्यर जन्मले १८५५ मध्ये. त्याच वर्षी आमचे तंजावरचे शेवटचे राजे शिवाजी वारले आणि राज्य ईस्ट इंडिया कंपनीच्या घशात गेलं.

वडील गाणारे, पुराणं सांगणारे. मुलाला मात्र तमिळ काव्याचं वेड लागलं. १८७१ मध्ये तो मायवरमला महाविद्वान मीनाक्षिसुंदरम पिळ्ळै यांच्यापाशी जाऊन राहिला. या गुरूंविषयी दोन शब्द जास्त बोलतो, कारण शिष्याच्या कीर्तीत ते झाकले गेले. पिळ्ळै हाडाचे कवी. एकेका देवस्थानाचं पुराण ते तोंडी रचत जायचे आणि शिष्य ताडपत्रावर लोखंडी लेखणीने उतरवून घेत राहायचा. लेखणी थांबे, कवी थांबत नसे. तिरुवावडुतुरैच्या शैव मठाचा त्यांना आश्रय होता, तरी कर्ज शेवटपर्यंत फिटलं नाही. १८७६ मध्ये ते गेले. पुढे पिळ्ळैंची ही स्थळपुराणं कुणी फारशी वाचेनासं झालं. मला हा अन्याय वाटतो. जुन्या कवितेची एकेक ओळ कानाने तोलायची तालीम अय्यरांना मिळाली ती याच गुरूकडून.

१८८० मध्ये अय्यर कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजात तमिळ पंडित झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथले मुन्सफ सेलम रामस्वामी मुदलियार यांना ते भेटायला गेले. काय काय वाचलंय, असं मुन्सफांनी विचारलं. अय्यरांनी मोठ्या हौसेने यादी सांगितली. मुन्सफांवर काडीचा परिणाम झाला नाही. हे सगळं अलीकडचं. 'जीवक चिंतामणि' वाचलंय का? 'शिलप्पदिकारम'? 'मणिमेखलै'? पंचवीस वर्षांच्या पंडितापाशी उत्तर नव्हतं. मुदलियारांनी 'चिंतामणि'ची एक नक्कल त्यांच्या हातात ठेवली.

'चिंतामणि' हे जैन महाकाव्य. शैव मठात तयार झालेल्या माणसाला पानोपानी अडायला झालं. मग त्यांनी जे केलं त्यासाठी मी आज त्यांचं नाव काढलं. ते कुंभकोणममधल्या जैन घरांत गेले. एका घराच्या दारी तोरण होतं. चौकशी केली तेव्हा कळलं, 'चिंतामणि'चं वाचन त्या दिवशी पुरं झालं होतं, त्याचा तो उत्सव! ज्या ग्रंथाचा पंडितांना पत्ता नव्हता, तो त्याच गावात घरी बसून वाचला जात होता. अय्यर तिथे विद्यार्थी होऊन बसले. शैव मंडळींनी नाकं मुरडली. १८८७ मध्ये ग्रंथ छापून निघाला. पुढे 'पत्तुप्पाट्टु', १८९२ मध्ये 'शिलप्पदिकारम', १८९४ मध्ये 'पुरनानूरु', १८९८ मध्ये 'मणिमेखलै'. ते बौद्ध काव्य, म्हणून त्यासाठी बौद्ध धर्माचा अभ्यास वेगळा.

पोथ्यांच्या शोधातली त्यांची हकिकत वाचताना हात थरथरतो. करिवलम्वंदनल्लूरच्या देवळात ते जुना संग्रह पाहायला गेले, तर जीर्ण ताडपत्रं तुपात बुडवून होमात टाकल्याचं त्यांना सांगण्यात आलं. शास्त्रात तसं आहे म्हणे! आपल्याकडे वाड्यांच्या माळ्यावरच्या दप्तरांचं काय झालं, हे मी तुम्हाला सांगायला नको.

एक योगायोग तेवढा सांगतो. भारतीय साहित्य परिषद १९३६ मध्ये नागपूरला भरली, गांधीजी अध्यक्ष होते आणि आपले काकासाहेब कालेलकर त्या खटपटीत पुढे होते. दुसऱ्या वर्षी ती मद्रासला आली, तेव्हा स्वागताध्यक्ष होते ऐंशी ओलांडलेले अय्यर. म्हणजे मी आज ज्या जागेवर उभा आहे, तिला बरीच मोठी परंपरा आहे. ती पेलायची माझी ऐपत नाही, एवढं मला समजतं. अय्यर १९४२ मध्ये गेले तेव्हा 'आनंद विकटन'मध्ये क्रमशः येत असलेलं त्यांचं आत्मचरित्र अर्ध्यावरच राहिलं.

विद्वानांनो, इथल्या मराठी घरांत अजून मोडी कागद आहेत. ते वाचता येत नाहीत, पण कुणाला दाखवायचे कसे, म्हणून बरीच घरं संकोचतात. यजमानांपैकी काहींनी आज ते पिशवीत घालून आणले आहेत. बाहेरच्या पडवीत टेबलं मांडली आहेत. निबंधवाचन दहा मिनिटं उशिरा सुरू झालं तरी चालेल. आधी तिकडे चला, आणि कागद ज्यांचे आहेत त्यांनाही चार गोष्टी विचारा.